क्रूझवर केबिनमध्ये प्यायचं पाणी मिळतं का, की बाटल्या विकतच घ्याव्या लागतात?

पहिल्यांदाच मोठ्या क्रूझवर जाताय आणि नळाचं पाणी प्यावं की नाही अशी शंका आहे, असं तुम्ही लिहिलंय. प्या, बिनधास्त प्या. समुद्रावर फिरणाऱ्या मोठ्या जहाजांत बाथरूमच्या बेसिनला जे पाणी येतं तेच जेवणाच्या टेबलावर येतं, बर्फही त्याचाच. थंड पाण्याचा नळ अर्धा मिनिट वाहू द्या आणि ग्लास भरा. गरम नळाचं मात्र पिऊ नका, ते आंघोळीपुरतंच.

मला हे पहिल्याच सफरीत कळलं, पण त्याची फी भरून. केबिनमध्ये शिरलो तर आरशापुढच्या टेबलावर दोन सीलबंद बाटल्या ऐटीत उभ्या. हॉटेलात असतात तशा फुकटच्या असतील असं समजून रात्री एक फोडली, सकाळी दुसरी. बाटलीच्या गळ्यात पुठ्ठ्याचा एक छोटा बिल्ला होता, तो मी न वाचताच कचऱ्यात टाकला. संध्याकाळी खात्यावर पाहतो तर दोन्ही बाटल्यांचे पैसे, वर सर्व्हिस चार्ज. काउंटरवर गेलो. तिथल्या माणसाने एक शब्द न बोलता तसाच एक बिल्ला माझ्यापुढे ठेवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत किंमत होती. भांडायला जागाच नव्हती. आता मी पहिल्याच दिवशी केबिन अटेंडंटला सांगतो, ‘या बाटल्या घेऊन जा.’ बरोबर लहान मुलं असतील तर तुम्हीही सांगाच, कारण मुलं बिल्ला वाचत नाहीत. मीही वाचला नव्हता म्हणा.

जहाजावर एवढं पाणी येतं कुठून, हा प्रश्न त्यानंतर पडला. थोडं बंदरात भरून घेतात, पण बरंचसं समुद्राचंच असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते काढायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलतात, म्हणजे आपल्या ओळखीचं आरओ, फक्त अवाढव्य. दुसरीत पाण्याची वाफ करतात, आणि त्यासाठी इंजिनाची एरवी वाया जाणारी उष्णता वापरतात. टाकीतला हवेचा दाब कमी केला की पाणी 100 अंशांच्या बरंच खाली उकळतं, त्यामुळे तेवढी उष्णता पुरते. अशा पाण्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, म्हणून थोडी खनिजं परत मिसळतात आणि शेवटी क्लोरीन घालतात. बंदरातल्या घाण पाण्यापासून प्यायचं पाणी बनवत नाहीत. हे काम खुल्या समुद्रात चालतं.

अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचे तपासनीस न सांगता चढतात. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 आणि जास्तीत जास्त 5 मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवं, असा त्यांचा नियम आहे. 100 पैकी गुण देतात. 85 किंवा त्याखाली आले की जहाज नापास. हे गुण कुणालाही पाहता येतात, तिकीट काढण्याआधी आपल्या जहाजाचे जरूर बघा.

आता खरी अडचण ऐकाल तर हसाल. पाणी चांगलं असतं, पण केबिनचं बेसिन इतकं उथळ आणि नळ इतका बुटका की बाटली खाली उभी राहतच नाही. तिरकी धरली तर अर्धी भरते आणि मग पाणी आपल्याच शर्टावर. दात घासायच्या ग्लासने ओतून भरावी लागते. नळाचं पाणी थोडं कोमट लागतं आणि कधी क्लोरीनचा वास येतो. झाकण न लावता तासभर ठेवलं की वास बराच उतरतो, बर्फ टाकला की उरलेलाही जाणवत नाही. अटेंडंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, ‘रोज पाण्याचा जग आणि बर्फाची बादली हवी.’ बहुतेक ठिकाणी याचे पैसे पडत नाहीत, पण सांगितल्याशिवाय येईलच असं नाही.

दुसरी सोय बुफेतली मशीन. तिथलं पाणी गार असतं. फक्त स्वतःच्या बाटलीचं तोंड त्या तोटीला लावू नका. आपण तोंड लावलेली बाटली तोटीला टेकली की पुढच्या माणसाला प्रसाद मिळतो, आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजावर असाच हातोहात पसरतो. ग्लास भरा आणि बाटलीत ओता. बाटली म्हणजे घरून नेलेली रिकामी स्टीलची थर्मास, गार पाणी रात्रभर गार राहतं. भरलेल्या बाटल्यांचे खोके नेण्याच्या भानगडीत पडू नका. काही कंपन्या ते चढूच देत नाहीत, काही मोजून देतात. किटली आणि पाणी तापवायचा रॉड तर आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर बंदच. गरम पाणी लागलं तर बुफेत चहाच्या मशीनला मिळतं.

बंदरावर उतरताना ही थर्मास भरून न्या. किनाऱ्यावर नळाचं पाणी कसं असेल ते त्या गावावर अवलंबून, जहाजाचा भरवसा तिथे चालत नाही.

आणि हे सगळं समुद्री जहाजांबद्दल लिहिलंय. नदीवरच्या छोट्या क्रूझची गोष्ट वेगळी: नाईलवरच्या बोटींत नळाचं पाणी प्यायचं नसतं, दातही बाटलीच्या पाण्याने घासायचे. तशा सफरीवर जाणार असाल तर बाटल्या तिकिटात धरल्यात का, एवढं बुकिंग करतानाच विचारून घ्या.