वाचकांचे प्रश्न : घाटात बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न : सा. न. वि. वि. वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून वापरतो. इंदूर शहरात, रामबागेतून राजवाड्यापर्यंत, ती विनातक्रार चालते. ओंकारेश्वराहून परतताना मात्र भेरूघाटाच्या चढावर ती आधी झटके देते आणि मग बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून बसलो की काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. आमच्या मिस्त्रींनी पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग नवे टाकले. तरी मागच्या महिन्यात पुन्हा तेच झाले. आता नवा कार्ब्युरेटर बसवू, असे ते म्हणतात. बसवावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तूर्त बसवू नये. आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती ही की गाडी तापल्यावरच बंद पडते आणि गार झाल्यावर कोणी हात न लावता सुरू होते. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला असेल तर तो अर्ध्या तासाने आपोआप नाहीसा होत नाही. तापल्यावर बिघडायचे आणि गार झाल्यावर सुधारायचे, हा स्वभाव प्रामुख्याने दोन बिघाडांचा असतो. एक, पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे, म्हणजे व्हेपर लॉक. आणि दुसरा, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा डबा) किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर (करंट साठवणारा छोटा भाग) उष्णतेने दगा देऊन प्लगला करंट न पोचणे. आपल्या मिस्त्रींनी पहिल्या शक्यतेचे बहुतेक सगळे भाग बदलले आणि दुसरीकडे फक्त प्लगपुरते पाहिले. यात त्यांना फार दोष देता येत नाही, कारण गाडी त्यांच्या दारात पोचते तेव्हा ती गार होऊन नीट चालू असते. या बिघाडाचा तपास घाटातच करावा लागतो, आणि तोही गाडी बंद पडल्यापासून पहिल्या पाच-दहा मिनिटांत.

झटक्यांवरून आपण काही ठरवले असेल तर तेही थोडे बाजूला ठेवा. इग्निशन एकदम गेले की चावी काढून घेतल्यासारखे इंजिन मिटते आणि पेट्रोल तुटू लागले की ते आचके देत थांबते, असे सर्वसाधारणपणे म्हणतात व ते बरेचसे खरेही आहे. पण तापलेली कॉइल पहिल्या क्षणीच पूर्ण बंद होत नाही. ती आधी अधूनमधून एखादी ठिणगी चुकवते. त्यात चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरलेले असते, दाब वाढलेला असतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून अशक्त कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते आणि चढावर उघडी पडते.

पुढच्या वेळी निघताना चार वस्तू सोबत ठेवा : एक जादा स्पार्क प्लग, रबरी मुठीची पक्कड, दोन लांब तारा जोडलेला बारा व्होल्टचा पाच वॅटचा बल्ब आणि एक नवा कंडेन्सर. गाडी बंद पडली की एका प्लगची वायर काढून ती जादा प्लगला लावा, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग हाताने न धरता पकडीने धरावा, आणि आसपास पेट्रोल सांडले असेल तर ही परीक्षा मुळीच करू नये. ठिणगी निळसर, टचटच आवाज करणारी असेल तर इग्निशनवरचा संशय जवळजवळ मिटला असे समजा. मग पंपावर ओला फडका टाका. फडक्याने गाडी लवकर सुरू झाली तर व्हेपर लॉक आहे आणि नळी एक्झॉस्टच्या किती जवळून गेली आहे ते पाहायला हवे. ठिणगी पिवळी, बारीक, किंवा मुळीच नसेल तर आता पेट्रोलच्या बाजूला हात लावू नका.

यानंतर बल्बचे काम. बल्बची एक तार बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि चावी चालू करून दुसरी तार कॉइलच्या त्या टोकाला टेकवा जिथे चावीकडून करंट येतो. बल्ब लागला नाही, तर बिघाड चावीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत आहे. लागला, तर तार कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डिलकोकडे (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे) जाणाऱ्या बारीक वायरीच्या बाजूला धरा आणि सेल्फ मारायला सांगा. डिलकोतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, उघडतात तेव्हा बल्ब लागतो आणि मिटतात तेव्हा विझतो, त्यामुळे तो लुकलुकला पाहिजे. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा त्यांच्यावर काजळी वा तेल आले आहे. मुळीच लागला नाही तर ती बारीक वायर कॉइलवरून सोडवून पुन्हा पाहा. आता लागला तर दोष डिलकोच्या पोटात आहे, बहुधा कंडेन्सर आतून शॉर्ट झालेला असतो; तरीही न लागल्यास कॉइलचे प्राथमिक (जाड तारेचे) वेटोळेच तुटले आहे. आणि बल्ब व्यवस्थित लुकलुकतो पण ठिणगी नाही, ही स्थिती असेल तर डिलकोच्या टोपीच्या मध्यावरची, कॉइलकडून येणारी जाड वायर काढून कॉइलमधून थेट ठिणगी येते का ते बघावे. तीही नसेल, तर जुना कंडेन्सर सोडवून नवा लावून पाहा, आणि त्यानेही भागले नाही तर कॉइल बदला.

आपण दिलेल्या लक्षणांवरून माझा कौल कॉइलकडे आहे. या डब्यात लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट उघडताच जाड वेढ्यांतला करंट तुटतो आणि बारीक वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्टचा धक्का तयार होतो. बारीक तारेवरचे वार्निशचे आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमकुवत झाले की गरम असताना हा धक्का प्लगपर्यंत न जाता आतल्या आतच जिरतो. घरी खात्री करायची असेल तर कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने दोन बारीक टोकांमधला रोध मोजा. बॅलास्ट (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा जादा रोध) नसलेल्या गाडीत तो साधारण ३ ओहम असतो. मग हेअर ड्रायरने कॉइल चांगली तापवून पुन्हा मोजा. तांबे तापले की रोध थोडा वाढतोच, पन्नास अंशांनी ३ चा सुमारे ३.६ होतो, त्यात काही वावगे नाही. आकडा एकदम अनंताकडे गेला तर तार तुटलेली आहे. मात्र ही चाचणी पास झाली म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण मीटरच्या दीड-दोन व्होल्टला जे आवरण टिकते ते हजारो व्होल्टला टिकेलच असे नाही.

नवी कॉइल घेताना दुकानदाराला 'बॅलास्टशिवाय चालणारी' असे स्पष्ट सांगा. बॅलास्टबरोबर वापरायची दीड ओहमची कॉइल चुकून बसली तर करंट दुप्पट होतो आणि पॉइंट काही दिवसांत जळतात. दुसरे असे की इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकण्याची सवय घरात कोणाला असेल तर ती मोडा. पॉइंट त्या वेळी मिटलेले असले तर कॉइलमधून ४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५० वॅटची उष्णता सतत जात राहते. आपल्या कॉइलचे अर्धे आयुष्य घाटात नव्हे, लग्नाच्या वरातीत उभ्या गाडीत संपले असले तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र कॉइल विकत घेण्याआधी पाहाच, कारण तिने मला स्वतःला पुरते फसवले आहे. डिलकोची टोपी काढली की बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लांबीची मऊ तार दिसते. पॉइंटची पट्टी हलते तशी ती वर्षानुवर्षे वाकत राहते आणि आतला तांब्याचा झुबका तुटतो, पण वरचे आवरण शाबूत राहते. माझ्या गाडीत मी दोन कॉइल बदलल्या, तेव्हा कुठे ती तार चिमटीत धरून हळूच ओढली. ती रबरासारखी लांबली आणि सोडताच परत आखडली. आत तांबे नव्हतेच. गार असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत, गरम झाल्यावर दूर जात.

पॉइंट उघडलेच आहेत तर ते उघडे असतानाचे त्यांच्यातले अंतरही तपासून घ्या. फिलर गेजने ते बहुधा ०.४ ते ०.५ मि.मी. ठेवतात, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अंतर आधी आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागून, हा क्रम मोडू नये. पॉइंटची फायबरची टाच झिजून अंतर कमी होते तेव्हा पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंगही मागे पडते. अंतर न पाहता डिलको फिरवून टायमिंग जुळवणारा मिस्त्री एक चूक दुसऱ्या चुकीने झाकत असतो.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी माझी जुनी ॲम्बेसेडर सुरूच होत नाही. दुपारी ऊन पडले की एका सेल्फमध्ये सुरू होते. बॅटरी नवी आहे.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : डिलकोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरून नीट न्याहाळा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती करंटने चोरवाट केली आहे. ती घासून जात नाही, टोपीच बदलावी लागते. मधला कार्बनचा ठोकळा स्प्रिंगवर मोकळा हलतो की नाही तेही बघा. प्लगच्या वायरींची परीक्षा अंधारात होते : रात्री इंजिन चालू ठेवून दिवे घालवा, जुन्या वायरी इंजिनाला चिकटतात तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. टोपी परत बसवताना वायरींचा क्रम १-३-४-२ असाच राहील याकडे लक्ष असू द्या. एका वेळी एकच वायर काढून लावली तर चूक होण्याची सोयच राहत नाही.

प्रश्न : सेल्फ मारत असेपर्यंत गाडी पेट घेत नाही, चावी सोडताच मात्र एकदम सुरू होते. असे का?
— एक वाचक, महू

उत्तर : सेल्फ बॅटरीतला इतका करंट ओढते की कॉइलच्या वाट्याला पुरेसे व्होल्टेज उरत नाही. ठिणगीतली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे बारा व्होल्टऐवजी नऊ मिळाले तर ती निम्म्याच्या जरा वर राहते. चावी सोडली की व्होल्टेज परत येते आणि इंजिन अजून फिरत असल्याने पेट घेते. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर आणि मग कॉइलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवरच नऊ-साडेनऊच्या खाली उतरत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जड झाला आहे. बॅटरीवर ठीक पण कॉइलवर कमी असेल तर चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. गाडीला बॅलास्ट असेल तर सेल्फच्या वेळी त्याला वगळून कॉइलला थेट करंट देणारी एक वायर असते. ती निसटली असली तरी हेच लक्षण दिसते, आणि ती पुन्हा खोचायला एक पैसा लागत नाही, म्हणून आधी तीच पाहावी.