एचएसक्यूसीतला कोणता ठिपका कोणत्या अमिनो आम्लाचा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नायट्रोजन-१५ लेबल केलेल्या प्रथिनाचा एचएसक्यूसी (एनएमआरचा वर्णपट, ज्यात नायट्रोजन-हायड्रोजनच्या प्रत्येक जोडीचा एक ठिपका येतो) घेतला, ठिपके छान सुटे आले, पण त्यातला ॲलानीन कोणता आणि ल्युसीन कोणता? नुसत्या त्या वर्णपटावरून ते कळत नाही. त्यात डोकी मोजता येतात, नावं नाही.

तरी आधी डोकी मोजाच. प्रोलीनला अमाइड हायड्रोजन (कण्यातल्या, म्हणजे मुख्य साखळीतल्या नायट्रोजनवरचा) नसतो, त्यामुळे त्याचा ठिपका येत नाही. साखळीतलं पहिलं अमिनो आम्लही सहसा दिसत नाही. युबिक्विटिनमध्ये ७६ अमिनो आम्लं, त्यात ३ प्रोलीन, म्हणजे कण्याचे जास्तीत जास्त ७२ ठिपके. नायट्रोजनच्या एकाच उंचीवर, ११२ पीपीएमच्या (वर्णपटावरची जागा मोजायचं एकक) आसपास जोडीने दिसतात ते ॲस्पराजीन आणि ग्लुटामीनच्या साइड चेनचे. ट्रिप्टोफॅनचा इंडोल हायड्रोजन १० पीपीएमजवळ एकटा बसलेला असतो. हे सगळे बाजूला काढा.

नावं कळतात ती कार्बनवरून, म्हणून कार्बन-१३ सुद्धा लेबल करावा लागेल. एचएनसीएसीबी या एनएमआर प्रयोगात प्रत्येक ठिपक्यामागे त्याचा स्वतःचा अल्फा (कण्यातला) आणि बीटा (साइड चेनमधला पहिला) कार्बन दिसतो, शिवाय आधीच्या शेजाऱ्याचेही, बहुधा फिकट. सीबीसीए-सीओ-एनएच या दुसऱ्या प्रयोगात फक्त आधीच्याचे. दोन्ही शेजारी ठेवले की आपलं कोणतं आणि शेजाऱ्याचं कोणतं ते वेगळं होतं.

मग ठळक मंडळींपासून सुरुवात करा. ग्लायसीनला बीटा कार्बनच नाही, अल्फा ४५ पीपीएमजवळ. ॲलानीनचा बीटा १९च्या आसपास. सेरीनचा ६४, थ्रिओनीनचा ७०. यांना चुकवणं कठीण. ग्लुटामेट, ग्लुटामीन, लायसीन, आर्जिनीन, मेथिओनीन मात्र एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या ठिपक्यावरून मी कधीच नाव लावत नाही. हेलिक्समध्ये (प्रथिनाच्या मळसूत्री भागात) अल्फा कार्बन २-३ पीपीएम वर सरकतो, त्याने गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून खरं काम साखळी जोडण्याचं. एकाचा 'शेजारी' कार्बन दुसऱ्याच्या 'स्वतःच्या' कार्बनशी जुळवत पाच-सहा जणांचा तुकडा करा आणि प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमात शोधा. ग्लायसीन-कोणीतरी-ॲलानीन-थ्रिओनीन असा तुकडा क्रमात एकदाच येत असेल, तर त्या 'कोणीतरी'चं नावही आपोआप मिळतं. प्रोलीनपाशी साखळी तुटते, पण त्याच्या पुढच्याच्या पट्टीत (त्या ठिपक्यामागच्या कार्बनच्या रांगेत) प्रोलीनचे अल्फा ६३ आणि बीटा ३२ दिसतात.

एक खड्डा मी स्वतः अनुभवलाय. आर्जिनीनच्या साइड चेनचा नायट्रोजन ८५ पीपीएमजवळ असतो. वर्णपटाची रुंदी कमी ठेवली तर तो दुमडून भलत्याच जागी उमटतो. मी त्याला ग्लायसीन समजून दोन दिवस शेजारी शोधत होतो. नायट्रोजनची रुंदी बदलून पुन्हा एचएसक्यूसी घ्या. जो ठिपका जागा सोडतो तो दुमडलेला.

काही ठिपके गायबच असतील, तर पीएच ७च्या वर आहे का बघा. पाण्याशी अदलाबदल वेगाने झाली की मोकळ्या लूपमधले अमाइड आधी जातात. प्रथिनाला चालत असेल तर ६.५वर आणून पुन्हा घ्या.