आजोबांच्या सायकलची कातडी सीट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार. दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची रॅले सायकल सापडली. सीट कातड्याची आहे, मागे ब्रुक्स असं उठवलेलं दिसतंय, पण वाळून इतकी कडक झालीय की बोटानं टकटक केलं तर वाजते, वर बारीक भेगा पण आहेत. मोची म्हणतो फोम टाकून रेक्झिन चढवून देतो, जावई म्हणतात रात्रभर खोबरेल तेलात बुडवून ठेवा. सीट वाचेल का हो?

उत्तर : बहुतेक वाचेल, पण आधी मोची आणि जावई दोघांनाही थांबवा.

ब्रुक्स ही कातडी सीट बनवणारी जुनी इंग्रजी कंपनी, त्यांच्या या सीटखाली फोमबिम काही नसतं. साधारण ५ मिलिमीटर जाडीचं एकच कातडं मागच्या लोखंडी पट्टीपासून पुढच्या टोकापर्यंत ताणून रिव्हेटनं ठोकलेलं असतं, आपण बसतो ते झोळीत बसल्यासारखं त्या ताणावर बसतो, आणि बसून बसून कातडं बसणाऱ्याचा आकार घेतं, म्हणून तुमच्या सीटवर जो खळगा असेल तो आजोबांचा आहे. आता हे कातडं तेलात बुडवलं तर मऊ होईल खरं, पण ताण धरणार नाही, तुम्ही बसाल आणि ते खालच्या सळयांना टेकेल, आणि एकदा तेल आत गेलं की ते काढता येत नाही. रेक्झिनचं म्हणाल तर त्यासाठी कातड्यात खिळे मारावे लागतात आणि आतली ओल आतच राहते, आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात तर नकोच.

पहिलं काम म्हणजे सीट उलटी करून उजेडात बघा. खालची बाजू खरबरीत असते ती बोटानं घासा, लालसर भुकटी हाताला लागली तर कातडं आतून कुजलंय, त्याला तेल मेण काही लावू नका आणि बसू पण नका, आठवण म्हणून जपून ठेवा, दुसरा उपाय खरंच नाही. भुकटी नसेल तर रिव्हेटच्या आजूबाजूला बघा, तिथे आरपार चीर असेल तर ताण आला की फाटणार. नुसत्या वरच्या केसासारख्या भेगा असतील तर काळजी नको, त्या जाणार नाहीत पण वाढणार पण नाहीत.

मग सीट सायकलवरून काढा, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं एकदा पुसा. साबण, सर्फ, शाम्पू काही नाही. सळया आणि स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढा, आणि हे तेल लावायच्या आधी करा, कारण ही कातडी झाडाच्या सालीच्या अर्कानं कमावलेली असते (आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात) आणि त्या अर्काला ओलं लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो निघत नाही. घासताना गंजाची पूड कातड्यावर पडू नये म्हणून जुनं वर्तमानपत्र गुंडाळून घ्या.

आता या कातड्याला खायला काय घालायचं. ब्रुक्सवाल्यांचंच प्रूफाइड नावाचं डबीतलं मेण मिळतं, ऑनलाइन मागवता येतं, महाग वाटेल पण एक डबी वर्षानुवर्षं जाते. त्यात जनावराची चरबी आणि माशाचं तेल असतं हे आधीच सांगतो, कारण बऱ्याच घरात ते चालत नाही आणि डबी आल्यावर कळलं तर वाईट वाटतं. चालत नसेल तर मधमाशीचं मेण आणि एरंडेल घ्या, गुजरातेत एरंडेलाला काय तोटा. पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून मेण वितळवायचं, थेट गॅसवर नाही, आणि थंड झाल्यावर मलमासारखं राहील इतकंच एरंडेल घालायचं. कोल्हापुरी वहाणांना एरंडेल पाजायची पद्धत तुम्हाला माहीत असेल, कातडं तिथेही तसंच सालीनं कमावलेलं, पण वहाणेला मऊपणा हवा असतो आणि सीटला ताण, म्हणून इथे पाजायचं नाही, बोटानं पातळ चोळायचं. खालच्या खरबरीत बाजूनं सुरुवात करा, ती जास्त पिते, मग वर एक पातळ हात, एक दिवस सावलीत ठेवा, राहिलेलं फडक्यानं पुसून टाका. चार-पाच दिवस जाऊ द्या आणि परत. असे तीन-चार हात झाले की टकटक आवाज बदलतो, रंग गडद होतो, अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबतं. इथे थांबायचं. अजून थोडं लावू, अजून थोडं, असं करत करतच चांगल्या सीट वाया जातात. मग आठवडाभर गल्लीतल्या गल्लीतच चालवा, लगेच लांब जाऊ नका.

जाता जाता, जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली घोड्याच्या साजाचं, म्हणजे कातडीच्या सामानाचं काम सुरू केलं आणि सायकल सीटचं पेटंट १८८२ साली घेतलं. कंपनी सांगते की त्यांचा घोडा मेला, सायकल घेतली आणि तिची लाकडी सीट सहन होईना, त्यातून हे निघालं. बांधणी आजही बऱ्यापैकी तीच आहे, म्हणून तुमच्या आजोबांच्या सीटला आजचं मेण आणि पुढचा नट फिरवायचा आजचा पाना चालतो.

प्रश्न : माझी सीट मधे खूप दबलीय, बसलं की खालच्या सळया टोचतात. पुढे टोकाखाली एक नट आहे, तो आवळला तर ताठ होईल का?

उत्तर : होईल, तो त्यासाठीच आहे, पण कोरडं कातडं आवळलंत तर ते रिव्हेटपाशी फाटेल, म्हणून आधी वर सांगितलं तसं मेण लावून घ्या. नट गंजला असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल एक थेंब टाका, कातड्याला लागू देऊ नका, रात्रभर राहू दे. मग पाव फेरा. फक्त पाव, आणि मग थोडे दिवस चालवून बघा, लागला तर अजून पाव. दर रविवारी नट फिरवणारे लोक असतात, त्यांची सीट लवकर संपते.

त्यापेक्षा चांगला उपाय, दबलेल्या सीटच्या बाजू बाहेर फाकतात ना, त्यांच्या खालच्या काठाला मोच्याकडून आरीनं तीन-तीन भोकं पाडून घ्या आणि खालून वादीनं बुटाची नाडी बांधतात तशा त्या आत ओढा. बाजू आत आल्या की मधला भाग आपोआप वर येतो. नट त्यानंतर.

प्रश्न : बडोद्यातच समा भागात राहतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये आलं, सायकल बुडाली. सीट तेव्हा उन्हात वाळवली, आता दर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. परत पाणी आलं तर काय करू?

उत्तर : पांढरं दिसतं ते बुरशीच असेल असं नाही, कधी कधी आतलं मेणच वर येतं. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या, पांढरं वितळून नाहीसं झालं तर ते मेण, पुसून टाका, विषय संपला. तसंच राहिलं आणि वास येत असेल तर बुरशी. मग सीट घराबाहेर नेऊन ब्रशनं झाडा, पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून त्यात फडकं पिळून पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मग मेणाचा एक पातळ हात. पावसाळ्यात वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, पिशवीत ओल कोंडते, सुती कापड टाका आणि सायकल भिंतीपासून जरा लांब उभी करा म्हणजे हवा खेळती राहील.

आणि परत कधी पाणी आलं तर गाळ साध्या पाण्यानं धुवायचा, पुढचा नट दोन फेरे सैल करायचा कारण ओलं कातडं वाळताना आक्रसतं आणि रिव्हेट ओढतं, खाली चुरगाळलेली वर्तमानपत्रं कोंबायची म्हणजे आकार टिकतो, आणि सावलीत वाळायला ठेवायची. कागद ओले झाले की बदलत राहा. ऊन नाही, हीटर नाही, आणि ओल्या सीटवर बसायचं तर अजिबात नाही, ओलं असताना आलेला झोल नंतर निघत नाही.

प्रश्न : सीटला काळं बूट पॉलिश लावलं तर चालेल?

उत्तर : नको, सगळा रंग पँटला येतो. रंग उडाला असेल तर उडू दे, मेणानं तपकिरी छटा छान येते.