खंड पाडू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. वार्षिक अहवालात तुझ्या नावापुढे यंदा एकही शोधनिबंध नाही, शेजारच्या टेबलावरचा मुलगा ग्लायडरच्या, म्हणजे पाण्याखाली आपोआप फिरून मोजणाऱ्या यंत्राच्या, नव्या प्रकल्पात गेला, आणि तू मात्र बारा महिने समुद्रातल्या त्याच ठरलेल्या जागी, त्याच स्टेशनवर जाऊन पाण्याच्या बाटल्या भरतेयस. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात नाव कुठे घालू, असं विचारतेस.

बाटल्यांपुढेच घाल. खंड पाडू नकोस.

कीलिंग हा स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतला माणूस. 1958 साली त्यानं हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. पहिल्या वर्षाअखेर दाखवायला काय होतं? वरखाली होणारी एक रेघ. 1964 मध्ये पैसे आटले, काही महिन्यांची मोजणी बुडाली. ती फट अजून त्या आलेखात आहे.

आर्गो या जागतिक प्रकल्पाचे सुमारे 4000 फ्लोट, म्हणजे समुद्रात तरंगती मोजणीयंत्रं, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपासून वर येत मोजतात, मग जहाज कशाला, असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक बैठकीत असतंच. त्याला विचार, फ्लोटचा क्षारतेचा सेन्सर भरकटला तर तो ताडून बघायचा कशाशी? जहाजावरून घेतलेल्या मापांशीच ना! ग्लायडरवर माझा राग नाही, अगं. तो आपल्याच स्टेशनभोवती फिरवा, असं लिहून दे. पण बाटलीऐवजी नको.

मी खंड पाडलाय. मोठा प्रकल्प आला, जहाजाचे दिवस तिकडे वळवायच्या कागदावर मी सही केली, आणि वर्षभर आमच्या स्टेशनवर कुणी फिरकलं नाही. त्या वर्षीचा अहवाल फार देखणा झाला होता. पुढे तळाचा ऑक्सिजन उतरलेला दिसला. एकदम उतरला की हळूहळू, सांगता येईना. नेमकं तेच वर्ष कोरं. जहाज एकच होतं, डिझेलला पैसे नव्हते, वरून आग्रह होता. हे सगळं खरं आहे, आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. पण महिन्यातून एकदा छोटी बोट मिळाली असती. मी विचारलंच नाही.

आणि तू! सातव्या फेरीबद्दल एक ओळ लिहून पुढे सटकलीस. विंकलरची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मोजायची, रसायनं घातल्यावर तळाच्या बाटलीत तपकिरी साका पडायला हवा होता, तो जवळजवळ पांढरा पडला म्हणतेस. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नावालाच. हे अहवालात का नाही? ‘निष्कर्ष नाही म्हणून’? निष्कर्ष मागतंय कोण? आकडा लिही, तारीख लिही, खोली लिही.

निस्किनमधून, म्हणजे खोलवरचं पाणी वर आणणाऱ्या नळकांड्यातून, पहिली बाटली ऑक्सिजनचीच भरली होतीस ना? नळी तळापर्यंत होती? बुडबुडा राहिला नव्हता? त्या फेरीच्या वहीच्या पानाचा फोटो आजच पाठव. बाटलीचा नंबर नीट दिसू दे.