जॉन रॉल्फ: तंबाखू त्याने शोधला का, आणि तो 1622 च्या हल्ल्यात मेला का?

जॉन रॉल्फ म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतला वसाहतकरी. त्याच्याबद्दलच्या या दोन प्रश्नांपैकी तंबाखूचा आधी घेतो.

शोध रॉल्फचा नाही. व्हर्जिनियातले मूळ रहिवासी तंबाखू पिकवतच होते, पण तो रस्टिका जातीचा. झाड बुटकं, धूर घशाला झोंबणारा. लंडनच्या बाजारात स्पॅनिश वसाहतींतल्या गोड तंबाखूपुढे तो कोण घेणार? रॉल्फने 1612 च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचं टॅबॅकम जातीचं बी लावून पाहिलं. हे बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये 10,000 च्या आसपास दाणे बसतात, म्हणजे चिमूटभर मिळालं तरी काम भागतं.

बी स्वस्त, मजुरी मात्र भरमसाट. वाफ्यात रोपं करायची, मग लावण. कळ्या दिसल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे जोर पानांत उतरतो. पण लगेच बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हापुन्हा काढत बसायचं. सुरुवातीला तोडलेली पानं ढीग घालून सुकवत. ढिगात ओल कोंडली की पान तापून कुजतं. 1618 च्या सुमारास लॅम्बर्ट नावाच्या वसाहतकऱ्याला दोरीवर टांगलेलं पान चांगलं सुकतं हे दिसलं आणि प्रत सुधारली.

पैसा दिसल्यावर धान्य कोण पेरतो? गव्हर्नर डेलला माणशी 2 एकर मक्याची सक्ती करावी लागली, तरी 1617 मध्ये वसाहतीचं मुख्य गाव जेम्सटाउनच्या रस्त्यांतसुद्धा तंबाखू उभा होता. त्या वर्षीची निर्यात सुमारे 20,000 पौंड वजनाची.

राजकारणातलं त्याचं स्थान बहुतेक लोक विसरतात, पोव्हाटन या मूळ रहिवासी लोकांच्या प्रमुखाची मुलगी पोकाहोंटास हिच्याशी 1614 साली झालेलं लग्न तेवढं लक्षात ठेवतात. तो वसाहतीचा सचिव होता, 1619 च्या पहिल्या विधानसभेत कौन्सिलचा सदस्य म्हणून बसला. त्याच वर्षी पॉइंट कम्फर्टला उतरवलेल्या ‘वीस आणि वर काही’ आफ्रिकी लोकांची बातमी वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या एडविन सँडीजला कळवणारं पत्रही त्याचंच.

आता मृत्यू. पोव्हाटन लोकांचा वसाहतीवरचा हल्ला 22 मार्च 1622 चा. रॉल्फने मृत्युपत्र केलं 10 मार्चला, आणि त्यात आपण आजारी असल्याचं लिहिलं. त्यामुळे आजारपणाचं पारडं मला जड वाटतं.

वंशावळ जुळवत असाल तर तारखा जपून घ्या. तेव्हाच्या इंग्रजी कॅलेंडरात नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून जुन्या नोंदींत या दोन्ही घटनांचं साल 1621 असतं. मृत्युपत्र लंडनमध्ये सिद्ध झालं, म्हणजे कायद्याने मान्य झालं, ते 1630 ला. ते मृत्यूचं साल समजू नका.