ट्रेलरच्या उघड्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून

प्रश्न : मोटारीमागे जोडण्याचा मुक्कामी ट्रेलर आम्ही घरीच बांधला. गेल्या पावसाळ्यात दाराखालच्या प्लायवूडच्या कडा फुगल्या आणि थर सुटले. आता काय लावावे? – एक वाचक, लातूर

उत्तर : पाणी प्लायवूडच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या कडेतून लवकर शिरते, कारण तेथे लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांची तोंडे उघडी असतात. फुगलेला भाग रंगाखाली झाकू नका. तो कापून आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा, तुकडा बसवा. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन येथे कामाला येते : लाकूड खडखडीत वाळू द्या आणि मृग लागण्यापूर्वी कडांना व स्क्रूच्या छिद्रांना इपॉक्सीचे (राळ व हार्डनर एकत्र कालवल्यावर घट्ट होणाऱ्या लेपाचे) दोन-तीन हात द्या. पहिला हात कड अधाशासारखा पिते, म्हणून तो पातळ असावा. भर उन्हात इपॉक्सी भांड्यातच घट्ट होते. संध्याकाळी, थोडेथोडेच कालवावे. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून खराब होते, त्यामुळे वरून बाह्य वापराचा रंग किंवा अतिनील किरणे रोखणारे पॉलियुरेथेन वॉर्निश हवेच. सांध्यांत साधे सिलिकॉन भरणार असाल तर रंगानंतरच भरा, कारण त्यावर रंग धरत नाही. निव्वळ जवसाच्या तेलावर विसंबणे मला पटत नाही. शिवाय त्या तेलात भिजलेली, बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते.