मोबिलिटी फाइलमधल्या रिकाम्या चौकटी

कोरोनाच्या काळात लोकांची वर्दळ नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त झाली, याचे जिल्हावार आकडे गूगलने ‘मोबिलिटी’ नावाच्या फाइलमध्ये दिले होते. त्यातून तुम्ही मुंबईची आणि कोकणातल्या तुमच्या जिल्ह्याची रेघ एकाच आलेखावर काढली आहे. मे २०२०मध्ये मुंबईच्या स्थानकांवरच्या वर्दळीची रेघ तळाशीच, जिल्ह्याची मात्र मधले काही दिवस उसळून थेट शून्यावर. ‘चाकरमानी गावी पोचल्यामुळे वर्दळ पूर्ववत झाली असेल का?’ असं विचारलंय. मला नाही वाटत. गूगलची मूळ फाइल उघडून त्या तारखा बघा, बहुतेक चौकटी रिकाम्या निघतील.

रिकाम्या चौकटीत शून्य भरण्याची हीच चूक मी तेव्हा केली होती. या फाइलमध्ये शून्य म्हणजे ‘नेहमीइतकीच वर्दळ’. नेहमीची म्हणजे ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतला त्या-त्या वाराचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. रिकामी चौकट म्हणजे माणसं इतकी थोडी की त्यांची ओळख जपण्यासाठी आकडाच दिलेला नाही. रेघ तुटकी दिसते म्हणून मी सगळीकडे शून्य भरलं, खाली ‘चाकरमानी परतले’ असं लिहिलं आणि आलेख वाडीच्या ग्रुपवर टाकला. ते दिवस आठवा. वेशीवर बांबू आडवे, मुंबईहून आलेल्याला शाळेत क्वारंटाइन. लालबागहून आलेला माझा सख्खा मामा दोन बाकं जोडून वर्गात झोपत होता, आणि इकडे माझा आलेख ‘बघा, मुंबईकरांनी गर्दी केली’ म्हणून फिरत होता. आठ दिवसांनी चूक कळली. दुरुस्ती टाकली, ती पुढे कुणी पाठवली नाही. मामाची माफी मागितली, पण ते अजून सलतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: रेघ तुटू दे. जोडू नका, सरासरीने बुजवू नका. मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही, जाणकारांचं मत वेगळं असू शकेल, पण गावाबद्दल बोलणाऱ्या आलेखात तरी हे पाळाच.

खात्री करावी म्हणून मी एका कार्यालयाकडे रोजची प्रवासीसंख्याही मागितली होती. तीन खेपा, दोन अर्ज, आणि शेवटी हातात महिन्याच्या बेरजांची झेरॉक्स. दिवसवार एकही आकडा नाही! हे आकडे लोकांच्या पैशातूनच गोळा होतात ना? तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

मुंबईच्या रेघेवर तारखांच्या उभ्या खुणा करा: २२ मार्च २०२० (त्या रात्रीपासून लोकल बंद), १५ जून (अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू), १५ ऑगस्ट २०२१ (दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेल्यांना मुभा). याच फाइलमधली घरांची रेघ वेगळ्या आलेखात घ्या. तिथे माणसं नाही, घरी घालवलेला वेळ मोजलाय आणि दिवस २४ तासांचाच, त्यामुळे ती फार वर जातच नाही.

ॲपलनेही तेव्हा असे आकडे दिले होते, ते यात मिसळू नका. त्यांत १३ जानेवारी २०२० या एकाच दिवसाशी तुलना होती आणि ॲपलच्या नकाशावर रस्ता किती वेळा विचारला गेला ते मोजलं होतं. रोज ८:१२ची बदलापूर पकडणारा रस्ता कशाला विचारेल?

रिकाम्या तारखांची यादी इथे टाका. माझ्याकडे जुनी फाइल आहे, आज रात्री ताडून बघतो.